भास्कराचार्य आणि शून्याचा भागाकार

ग्वाल्हेर म्हटले की गोमंतकीय मनाला आधी गाणे आठवते. ग्वाल्हेर घराण्याची गायकी, तानसेनाची कबर, शिंद्यांची राजधानी आणि तिच्या आश्रयाने तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली मराठी कुटुंबे, एवढी ओळख आपल्याला पुरेशी वाटते. पण त्याच शहरात किल्ल्यावर चढणाऱ्या वाटेच्या कडेला एकाच खडकातून कोरून काढलेले चतुर्भुज विष्णूचे एक छोटे देऊळ आहे आणि तेथील शिलालेखाला गणिताच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. विक्रम संवत ९३३, म्हणजे इ. स. ८७६ मधला हा लेख देवाला दिलेल्या दानाची नोंद करतो. फुलबागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब व १८७ हात रुंद, आणि देवाला रोज ५० माळा. या २७० आणि ५० मधले शून्य आज आपण काढतो तसेच, लहानशा वर्तुळाच्या रूपात कोरलेले आहे. कालनिर्देश असलेल्या भारतीय शिलालेखांत शून्याचे इतके जुने आणि इतके स्पष्ट रूप क्वचितच आढळते.

लेख कोरणाऱ्या पाथरवटाच्या दृष्टीने शून्याचे काम सोपे होते. रिकामे स्थान दाखवले की झाले. शून्य हीही एक संख्याच आहे असे मानले, म्हणजे मात्र अडचण सुरू होते. बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार शून्याशी जुळवून घेतात. भागाकार अडून बसतो. बारा लाडू शून्य मुलांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येतील? उत्तर नसलेली अशी क्रिया गणिताच्या मध्येच उपस्थित झाली तर गणकाने काय करावे, हा प्रश्न जुना आहे आणि आजचे संगणकही त्याच्याशी झगडत आहेत. त्याचा चिकाटीने विचार करणारे भास्कराचार्य ग्वाल्हेरच्या त्या लेखानंतर २३८ वर्षांनी सह्याद्रीच्या कुशीत जन्माला आले.

विज्जडविडचे घराणे

भास्कराचार्यांनी स्वतःविषयी थोडके पण नेमके लिहून ठेवले आहे. त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. गोत्र शांडिल्य, वडिलांचे नाव महेश्वर, गाव सह्य पर्वताच्या आश्रयाला असलेले विज्जडविड. हे गाव कोणते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. चाळीसगावजवळचे पाटण, बीड आणि विजापूर अशी नावे पुढे आली आहेत. सातव्या शतकात याच नावाचे आणखी एक गणिती होऊन गेल्यामुळे आपल्या चरित्रनायकाला द्वितीय भास्कराचार्य असेही म्हटले जाते.

घराणे विद्वानांचे होते. मूळपुरुष त्रिविक्रम हे नावाजलेले कवी. त्यांच्या पुत्राला माळव्याच्या भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. पुढे गोविंद, प्रभाकर, मनोरथ आणि महेश्वर अशा पिढ्यांतून ज्योतिषविद्या वाहत आली. भास्कराचार्यांना गुरू शोधण्यासाठी घराबाहेर जावे लागले नाही. वडीलच त्यांचे गुरू झाले.

तो काळ दख्खनच्या राजकारणात उलथापालथीचा होता. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता उतरणीला लागली होती, देवगिरीचे यादव डोके वर काढत होते आणि गोव्यावर कदंबांचे राज्य होते. ज्ञानेश्वरी सिद्ध व्हायला अजून शतकाहून अधिक काळ होता. अशा काळात सह्याद्रीच्या पायथ्याशी बसून एक तरुण ग्रहांच्या गती मोजत होता आणि मोजण्याच्या साधनांचीही परीक्षा घेत होता.

वयाच्या ३६ व्या वर्षी, शके १०७२ मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत. लीलावतीत अंकगणित व भूमिती, बीजगणितात अव्यक्ताचे गणित, ग्रहगणितात ग्रहांच्या स्थितींची गणिते आणि गोलाध्यायात खगोलाचे विवेचन. पहिले दोन भाग पुढे स्वतंत्र ग्रंथ म्हणूनच ओळखले गेले. त्यांतही लीलावतीने पाठशाळांत असे घर केले की पुढची कित्येक शतके गणित शिकणे म्हणजे लीलावती शिकणे असे समीकरण झाले. कमळांवर विखुरलेले भुंगे, बिळाकडे धावणारा साप आणि त्याच्यावर झेपावणारा मोर, वाऱ्याने मोडलेला बांबू अशा चित्रांतून त्यातील उदाहरणे उभी राहतात. रुक्ष गणिताला काव्याची गोडी लावणे हा या लेखकाचा स्वभावच होता.

लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या. तिच्या लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी ठेवलेल्या घटिकापात्रात तिच्या दागिन्यातील मोती पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला. दुःखी मुलीचे नाव अमर करण्यासाठी पित्याने ग्रंथाला ते दिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती मूळ ग्रंथात मात्र नाही. अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ साली लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेतून ती प्रसृत झाली. हा फैजी अबुल फजलचा थोरला भाऊ आणि अबुल फजलची कबर ग्वाल्हेरजवळ आंतरी येथे आहे. शून्याचा शिलालेख आणि शून्याच्या आचार्याला फारसीत नेणाऱ्या घराची ही खूण, दोन्ही एकाच परिसरात असावीत हा योगायोग खराच.

खहर आणि खगुण

भास्कराचार्यांच्या आधी शून्याच्या भागाकाराची वाट दोघा थोरांनी चाचपली होती. ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये शून्याच्या क्रियांचे नियम सांगितले. त्यांत शून्याला शून्याने भागल्यास शून्यच येते असे म्हटले आणि अन्य संख्येला शून्याने भागल्यास तो अपूर्णांक छेदात शून्य ठेवून तसाच राहू द्यावा असे सुचवले. नवव्या शतकात महावीराचार्यांनी शून्याने भागलेली संख्या बदलत नाही असे मत दिले. ते टिकणारे नव्हते.

भास्कराचार्यांनी या राशीला खहर म्हटले. ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद. छेदात शून्य असलेली राशी ती खहर. बीजगणितात ते सांगतात की या राशीत काही मिळवले किंवा तीतून काही काढले तरी ती बदलत नाही. प्रलयकाळी सारे जीव अनंत अच्युतात विलीन होतात आणि सृष्टिकाळी त्याच्यातून बाहेर पडतात, तरी त्याच्या ठायी उणेअधिक होत नाही, ही उपमा त्यांनी येथे योजली आहे. अनंताची कल्पना गणितात इतक्या नेमक्या जागी आणून ठेवणारे ग्रंथकार त्या काळी विरळाच.

पण त्यांचा खरा धाडसी नियम लीलावतीत आहे. एखाद्या संख्येला शून्याने गुणले तर शून्य येते, हे ते मान्य करतात. परंतु गणितात पुढच्या क्रिया शिल्लक असतील तर लगेच शून्य लिहून मोकळे होऊ नये, असे ते बजावतात. ती संख्या खगुण, म्हणजे शून्याने गुणलेली, अशी खूण करून तशीच पुढे न्यावी. पुढे शून्यानेच भागण्याची वेळ आली तर गुणक शून्य आणि भाजक शून्य परस्परांना छेदतात आणि मूळ संख्या अविकृत राहते.

त्यांनी दिलेले उदाहरण मनोरंजक आहे. एका संख्येला शून्याने गुणले, आलेल्या राशीत तिचेच अर्ध मिळवले, त्याला तिनाने गुणले आणि शून्याने भागले, तेव्हा ६३ आले. तर ती संख्या कोणती? सरळ पायरीपायरीने जाणारा पहिल्याच पायरीला शून्यावर येतो, पुढे शून्यच राहते आणि शेवटी शून्याला शून्याने भागण्याच्या भिंतीवर आपटतो. खगुणाची खूण सांभाळणारा मात्र संख्येची दीडपट करतो, तिची तिप्पट करतो, दोन्ही शून्ये छेदतो आणि साडेचारपट म्हणजे ६३ यावरून १४ हे उत्तर काढतो. या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे, असेही भास्कराचार्य नमूद करतात.

तो उपयोग कोणता असावा, याचा अंदाज सिद्धांतशिरोमणीतूनच येतो. ग्रह एकसारख्या वेगाने चालत नाही. दिवसभराची सरासरी गती आणि या क्षणाची गती वेगळी असते. क्षणाची गती काढायची तर काळ आणि अंतर दोन्ही लहान लहान करत न्यावे लागतात. दोन्ही नाहीसे होण्याच्या टोकाला पोहोचतात, पण त्यांचे गुणोत्तर शिल्लक राहते. तात्कालिक गतीची ही कल्पना आणि तिच्यासाठी लागणारा ज्येच्या सूक्ष्म वाढीचा नियम भास्कराचार्यांनी वापरला. पुढे पाच शतकांनी युरोपात न्यूटन आणि लायब्निट्स यांनी उभारलेल्या कलनशास्त्राचे सर्वसाधारण रूप येथे नाही, पण त्याचे बीज ओळखू येते.

नियमात धोकाही आहे. शून्य गुणिले एक आणि शून्य गुणिले दोन या दोहोंचे उत्तर शून्यच. दोन्हीकडे शून्याने भागले की एक बरोबर दोन, असा अनर्थ ओढवतो. भास्कराचार्यांनी तो टाळला तो खुणेमुळे. खगुण एक आणि खगुण दोन या त्यांच्या लेखी क्रिया संपेपर्यंत वेगळ्याच राशी आहेत. गुणणारे शून्य आणि भागणारे शून्य एकाच मूळचे असले पाहिजे, ही अट त्यांच्या पद्धतीत अध्याहृत आहे. ती स्वतंत्र नियम म्हणून त्यांनी मांडली नाही. गुरूसमोर बसून शिकणाऱ्या शिष्याला ती उदाहरणातून उमगत असे. गुरू नसलेल्या हातात तोच नियम पडला तर मात्र चूक ठरलेली.

यंत्राच्या हातातील तोच नियम

आज असा गुरू नसलेला हात आपल्या सर्वांच्या खिशात आहे. मोबाइल, बँकेची यंत्रणा, रेल्वेचे आरक्षण, या साऱ्यांच्या तळाशी चालणारे सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर सी या भाषेत लिहिलेले असते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी ती घडवली. माणसाने सीमध्ये लिहिलेला मजकूर यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत उतरवण्याचे काम कंपायलर नावाची आज्ञावली करते. उतरवताना ती लेखकाच्या गणितातील फापटपसारा काढून टाकते आणि आज्ञा वेगवान करते.

या भाषेच्या नियमांत काही क्रियांचे उत्तर जाणूनबुजून सांगितलेले नाही. पूर्णांकाला शून्याने भागणे ही त्यांतली एक. पूर्णांक यंत्रात मावण्यापलीकडे वाढणे ही दुसरी. १९८९ साली भाषेचे पहिले अधिकृत प्रमाण ठरले, तेव्हा अशा प्रसंगांना अनडिफाइन्ड बिहेव्हियर, म्हणजे अपरिभाषित वर्तन, असे नाव मिळाले. वेगवेगळी यंत्रे अशा वेळी वेगवेगळे वागत आणि सर्वांना एकच उत्तर सक्तीचे केले असते तर वेग गेला असता. म्हणून कंपायलरला मोकळीक मिळाली. असा प्रसंग येणारच नाही, असे तो गृहीत धरू शकतो.

उदाहरणार्थ, एका संख्येला दोनाने गुणून दोनाने भागायचे आहे. कंपायलर खगुणाच्या नियमाप्रमाणे गुणक व भाजक छेदतो आणि संख्या जशीच्या तशी ठेवतो. पण नेहमीच्या ३२ बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. दीड अब्जाची दुप्पट तीन अब्ज होते, ती तेथे मावत नाही आणि पायरीपायरीने चालणारे यंत्र सहसा उणे १,२९,४९,६७,२९६ वर जाऊन पोहोचते. त्याचे अर्ध उणे ६४,७४,८३,६४८. कंपायलरने छेद दिला तर उत्तर दीड अब्ज, न दिला तर उणे चौसष्ट कोटींच्या घरात. मजकूर तोच, उत्तरे दोन, आणि भाषेच्या नियमांनुसार दोन्हींना आक्षेप घेता येत नाही.

हे केवळ कोडे राहत नाही. संगणकाच्या स्मृतीतील जागा दाखवणारा निर्देशक रिकामा असला की सी भाषेत त्याची गणना शून्याशी होते, आणि असा शून्य निर्देशक वापरणेही अपरिभाषित आहे. लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यातील नेटवर्कच्या एका भागात लेखकाने आधीच्या ओळीत निर्देशक वापरला होता आणि तो रिकामा तर नाही ना, ही तपासणी नंतरच्या ओळीत केली होती. कंपायलरने तर्क केला की निर्देशक वापरला गेला आहे, अर्थी तो शून्य असूच शकत नाही. मग तपासणी कशाला? त्याने ती गाळून टाकली. २००९ साली असे उघडकीस आले की या गाळलेल्या ओळीतून साधा वापरकर्ता संपूर्ण यंत्रणेचा ताबा मिळवू शकतो. लेखकाची चूक होती, कंपायलरचा तर्क नियमाला धरून होता आणि दार उघडे राहिले. त्यानंतर अशा तपासण्या गाळू नयेत, अशी स्पष्ट सूचना कंपायलरला देऊनच लिनक्सचा गाभा तयार केला जाऊ लागला. अपरिभाषित क्रिया घडताच चालत्या आज्ञावलीत ओरडून सांगणारी साधनेही आता उपलब्ध आहेत.

दशांशाच्या गणितात मात्र संगणकशास्त्राने भास्कराचार्यांसारखाच मार्ग धरला. १९८५ च्या प्रमाणानुसार धन संख्येला शून्याने भागले की यंत्र अनंताची खूण लिहिते, शून्याला शून्याने भागले की ही संख्याच नव्हे अशी खूण लिहिते आणि ती खूण पुढच्या गणितात सोबत नेते. खहराला नाव देऊन सांभाळण्याची रीत यंत्राने पुन्हा शोधून काढली, असे म्हणता येईल. जेथे अशी रीत नसते तेथे काय होते, ते सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या यॉर्कटाउन या युद्धनौकेने अनुभवले. संगणकातील एका रकान्यात शून्य भरले गेले, त्याने भागाकार झाला, यंत्रणा कोलमडली आणि नौका भर समुद्रात काही तास निश्चल पडून राहिली.

उत्तरायुष्य आणि पाटणचा मठ

भास्कराचार्यांनी नियमासोबत त्याची उपपत्ती सांगण्यावर आयुष्यभर भर दिला. सिद्धांतशिरोमणीवर त्यांनी स्वतःच वासना नावाचे भाष्य लिहिले. उपपत्ती न जाणणाऱ्या गणकाला विद्वानांच्या सभेत मान मिळत नाही आणि त्याच्या स्वतःच्या मनातला संशयही फिटत नाही, असे त्यांचे मत होते. बीजगणितातील चक्रवाल पद्धत त्यांच्या हाती पूर्णत्वाला गेली. एका वर्गाची एकसष्टपट करून एक मिळवल्यास दुसरा पूर्ण वर्ग यावा, असे त्यांचे एक उदाहरण आहे. पहिल्या संख्येचे उत्तर २२,६१,५३,९८० असे येते. हेच कोडे १६५७ साली फर्मा यांनी युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवले होते.

वयाच्या ६९ व्या वर्षी, शके ११०५ मध्ये, त्यांनी करणकुतूहल लिहिले. सिद्धांतग्रंथाचा पसारा न पेलणाऱ्या पंचांगकर्त्यांसाठी ही सोपी गणिते होती. प्रौढ वयात सर्वांत सोपे पुस्तक लिहावे, हे त्यांच्यातील शिक्षकाला शोभणारे होते.

पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपाल याच्या पदरी गेला. नातू चांगदेव सिंघण यादवाचा प्रमुख ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटण येथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातील स्थानिक अधिपतींनी शके ११२८ मध्ये, इ. स. १२०७ च्या सुमारास, त्याला दान दिले. त्या दानाचा शिलालेख पाटणच्या भवानीच्या देवळात होता. घराण्याची वंशावळ त्यात संस्कृतात आहे आणि मठाला बाजारातून काय काय मिळावे, त्याचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे. राजे, पंडित यांच्यासाठी संस्कृत. तेली, व्यापारी यांना कळावे म्हणून मराठी.

तो लेख विद्वानांसमोर आणण्याचे श्रेय एका गोमंतकीयाकडे जाते. पेडणे तालुक्यातील मांद्रे गावी जन्मलेले आणि मुंबईत धन्वंतरी म्हणून कीर्ती मिळवलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे जुन्या लेखांचे जाणकार होते. १८६५ साली भारतीय ज्योतिषांच्या कालनिर्णयावर त्यांनी लिहिलेल्या निबंधामुळे पाटणचा हा लेख आणि भास्कराचार्यांचा वंशवृक्ष जगाला कळला. त्याआधी १८१६ मध्ये मुंबईत टेलर यांनी आणि १८१७ मध्ये लंडनमध्ये कोलब्रुक यांनी लीलावती इंग्रजीत आणली होती. ग्रंथ पोहोचला होता. ग्रंथकाराचे घर मांद्र्याच्या सुपुत्राने दाखवले.

चांगदेवाने मठ कशासाठी काढला असेल, याचा विचार आज वेगळ्या अर्थाने करावासा वाटतो. ग्रंथ होते, त्यांच्या प्रती होत होत्या, त्यांना आश्रयाची वाण नव्हती. तरीही ते शिकवणारा माणूस आणि शिकण्याची जागा हवी, असे त्याला वाटले. नियम कागदावर उतरतो, पण तो कोठवर चालतो हे शिकवणाऱ्याच्या तोंडून कळते. शून्ये छेदावीत, पण ती एकाच मूळची असतील तरच, ही अट गाळून नियम तेवढा पुढे गेला की काय होते, ते लिनक्सच्या त्या गाळलेल्या ओळीने दाखवले.

ग्वाल्हेरात १९९७ साली माहिती तंत्रज्ञान शिकवणारी केंद्रीय संस्था स्थापन झाली. पुढे तिला अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव जोडले गेले. ८७६ सालचे ते शून्य कोरलेला किल्ला तिच्यापासून फार दूर नाही. सुमारे आठशे मैलांवरच्या आपल्या गोव्यातही सी भाषेचा पहिला धडा गिरवणारी मुले आहेत. त्यांना भागाकाराची आज्ञा शिकवताना भाजक शून्य नाही याची तपासणी आधी करा, भागाकार नंतर, एवढे एक वाक्य शिक्षकांनी आवर्जून सांगावे आणि त्यासोबत लीलावतीतील चौदाचे उदाहरण सोडवून घ्यावे. पाटणच्या मठात जे शिकवले जात असेल, ते याहून फार वेगळे नसावे.